अहवालातलं एक वाक्य

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मी एका अहवालात लिहिलं होतं, ‘औषधोपचाराच्या निमित्ताने इथे धर्मप्रसार चालतो, असे दिसते.’ लिहिताना हात अडखळला नव्हता. हे वाक्य मला मागे घ्यायचं आहे.

मी नाशिकची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आठ वर्षं केनियात, मोंबासाला राहिले. तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांच्या एका धर्मादाय न्यासाचे हिशेब मी तपासायचे. न्यास ज्यांना पैसे देई, त्यांत किलिफीच्या आतल्या कोरड्या भागातला कॅथलिक सिस्टरांचा एक दवाखाना होता. अर्धा दिवस जाऊन मी पावत्या पाहिल्या. त्या चोख होत्या. पण त्या दिवशी झाडाखाली लसीकरण सुरू होण्याआधी सिस्टरांनी मोठ्याने प्रार्थना म्हटली, आणि मला जे सापडायला हवं होतं ते सापडलं. माझ्या वाक्यावर न्यासाने पुढची रक्कम रोखली. त्या रकमेत लसींच्या फ्रीजच्या दुरुस्तीचे पैसे होते.

ते वाक्य मी नाशिकहूनच नेलं होतं. आमच्याकडे मिशनरी म्हणजे गोड बोलून बाटवणारा, आणि ख्रिस्ती झालेला गरीब माणूस म्हणजे पोटासाठी धर्म सोडलेला, हे गृहीत धरलेलं असे. घरातली माणसं प्रेमळ होती, दारी आलेल्याला जेवू घालणारी होती. तरी हे वाक्य आमच्या घरात सहज बोललं जायचं, आणि मीही ते कधी तपासलं नाही.

२०१७ च्या जूनमध्ये केनियातल्या सरकारी परिचारिकांनी संप पुकारला. तो नोव्हेंबरपर्यंत चालला. त्या वर्षी दुष्काळही होता. फेब्रुवारीत सरकारने तो राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केला होता. सरकारी दवाखाने ओस पडले आणि मिशनच्या दवाखान्यांसमोर पहाटेपासून रांगा लागल्या. न्यासाला मदत द्यावी की नाही हे ठरवायचं होतं, म्हणून जुलैत मला पुन्हा पाठवलं. या खेपेला नऊ दिवस राहिले.

सिस्टर तिघी. एक आयरिश, सत्तरी ओलांडलेली. बाकीच्या दोघी केनियाच्याच, एक पश्चिमेकडच्या काकामेगाची, दुसरी कांबा जमातीची. मिशनरी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गोरा माणूसच यायचा, पण इथे दवाखाना चालवत होत्या त्या काकामेगाच्या सिस्टर. पहाटे पाचला प्रार्थना झाली की त्या सगळ्यांत आधी टाकीवर चढून आत काठी बुडवायच्या. काठी जितकी ओली तितकं पाणी, आणि त्यावर त्या दिवशी चादरी धुवायच्या की नाही ते ठरायचं. आठला दवाखाना उघडायचा. दुपारी सीमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि मचिचा, आपल्या माठासारखी पालेभाजी. रात्री सौर दिव्याखाली रजिस्टर भरणं. एकदा रात्री दहाला बाळंतीण आली, तेव्हा गाडीचं पंक्चर कांबा सिस्टरने एकटीने काढलं, हात धुतले आणि बाळ हातात घेतलं.

तिसऱ्या दिवशी मी फ्रीज पाहायला मागितला. तो बंद पडलेला होता, दार उघडंच होतं आणि आत जुनी रजिस्टरं नीट रचून ठेवली होती. वाळवी लागू नये म्हणून, असं आयरिश सिस्टर म्हणाल्या. लसी किलिफीहून बर्फाच्या डब्यात मोटरसायकलवरून यायच्या आणि उरलेल्या संध्याकाळी परत जायच्या. मला कुणी काही ऐकवलं नाही. पैसे कुणाच्या वाक्यामुळे अडले हे त्यांना ठाऊक होतं.

मग मी ती रजिस्टरं वाचली. हिशेब तपासण्यात माझं आयुष्य गेलं आहे, कागद काय लपवतो ते मला कळतं. नाव, वय, गाव, दुखणं, औषध. एवढेच रकाने. काडझोखाली फातुमा, फातुमाखाली मेरी. धर्माचा रकाना नव्हता. काही नावांसमोर पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता: केशो. स्वाहिलीत उद्या. डबा आला नाही किंवा बर्फ वितळला म्हणून लस न मिळता परत गेलेली ही मुलं.

आठवड्यातून दोनदा गाडी गावोगाव जायची. गोरखचिंचेच्या फांदीला वजनकाटा टांगायचा, त्याच्या हुकाला कापडी चड्डीत मूल अडकवायचं. मूल पाय झाडतं, काटा हलत राहतो, आणि सिस्टर आकडा स्थिरावेपर्यंत त्याच्याशी गिरियामा भाषेत बोलत राहते. मग दंडाला तिरंगी पट्टी. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दंड गेला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. मी सोबत गेले त्या दिवशी चार लाल निघाली. प्रार्थना याही वेळी आधी झाली. डोक्यावरून लेसो घेतलेल्या मुसलमान बाया मुलांना पाजत बसून होत्या. त्यांतल्या एकीला मी विचारलं, इथे यायचं तर चर्चला जावं लागतं का? ती म्हणाली, ‘गेलं काय, न गेलं काय, रांग एकच.’

आमचं हे बोलणं एकमेकींना समजावून देत होते ते गाडीचे चालक. साठीचे, अँग्लिकन, मोंबासाजवळच्या राबईचे. सगळे त्यांना म्झे म्हणत, म्हणजे वडीलधारे. परतताना मी त्यांनाही तेच वेगळ्या शब्दांत विचारलं: तुमच्याकडची माणसं ख्रिस्ती झाली ती दवाखान्यामुळे, शाळेमुळेच ना? त्यांनी गाडी बाजूला घेतली. तिकडे बाईमाणसाला मामा म्हणतात. ते म्हणाले, ‘मामा, आम्ही केवढ्याला विकले गेलो, असं विचारताय ना?’

नंतर ते शांतपणे सांगत राहिले. त्यांची खापरपणजी गुलाम होती. मालकाच्या मळ्यातून पळून ती राबईच्या मिशनमध्ये आली. राबईला योहान क्राफ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने १८४६ मध्ये ठाणं उभारलं होतं. पण खापरपणजीच्या काळी तिथला कारभार पाहणारा विल्यम जोन्स आफ्रिकी होता, लहानपणी स्वतः गुलाम म्हणून पकडला गेलेला. गुलामी तेव्हा किनाऱ्यावर कायदेशीर होती. पळून आलेल्यांना थारा देणं म्हणजे मालकांशी वैर घेणं होतं. १८८९ च्या १ जानेवारीला अशा सुमारे १,४०० जणांना मालकांना भरपाई देऊन मुक्तीचे कागद मिळाले. ‘आणि जोन्स तुमच्याकडचा,’ म्झे म्हणाले. ‘नासिकचा.’

मी शरणपूर रोडवरून दहा वर्षं शाळेत गेले. शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं गाव, हे त्या नावात उघड दिसत असूनही कधी जाणवलं नव्हतं. इंग्रजी आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथल्या मिशनच्या आश्रमात वाढली. १८६४ मध्ये त्यांतले काही राबईला गेले. तो आश्रम चालवणारे प्राइस पुढे मोंबासाला आले आणि १८७५ मध्ये मुक्त झालेल्यांची फ्रिअरटाउन ही वसाहत उभी राहिली. तिथली जुनी घंटा अजून आहे, त्या चौकाचं नावच केंगेलेनी, घंटेपाशी. माझं ऑफिस त्याच रस्त्यावर होतं.

त्या रात्री मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. त्यांचं माहेर जलालपूर, नाशिकजवळच. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ आमच्या घरात सगळ्यांनी वाचलेलं. त्यांचे पती नारायणराव १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले ते विचाराने, आणि लक्ष्मीबाई पाच वर्षांनी झाल्या त्या स्वतःचं स्वतः ठरवून, याबद्दल मला कधीही शंका आली नाही. बुद्धीने धर्म निवडण्याचा मान मी टिळकांना देत होते आणि म्झेंच्या खापरपणजीला नाकारत होते. इतकी वर्षं मला वाटलं, माझा राग मिशनऱ्यांवर आहे. अपमान मी करत होते तो त्या रांगेतल्या माणसांचा. स्वतःचं बरंवाईट त्यांना कळत नाही, असं मी धरून चालले होते.

मिशनऱ्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. १९२९ मध्ये किकुयू भागात स्कॉटिश मिशनने मुलींची सुंता सोडण्याची शपथ घ्या, नाहीतर बाहेर व्हा, असं बजावलं. सुंतेला विरोध योग्यच होता, हुकूम सोडण्याची रीत अरेरावीची होती. हजारो लोक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या, स्वतःची चर्चं काढली. हे वाचलं तेव्हाही मला तेच दिसलं: काय घ्यायचं, काय टाकायचं, हे ते लोक स्वतः ठरवत होते. प्रार्थना वजनाच्या आधी असावी, हे मला अजूनही मान्य नाही. काकामेगाच्या सिस्टरना मी ते तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मलाच त्या वेळी धीर लागतो.’

मोंबासाला परतल्यावर मी विश्वस्तांना पत्र लिहिलं. माझं वाक्य पुराव्याविना होतं, ते काढून टाकावं, चूक माझी आहे. विश्वस्तांच्या दोन बैठका गेल्या. नवा फ्रीज २०१८ च्या मार्चमध्ये पोहोचला, पावसाळा तोंडावर असताना. मी सोबत गेले होते. फ्रीज लागला, आतला काटा आठ अंशांच्या खाली उतरला, तोवर कांबा सिस्टरने जुन्या रजिस्टरांतली केशो लिहिलेली नावं गावांप्रमाणे एका कागदावर उतरवून काढली होती. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. म्झेंनी गाडी काढली. पुढे सिस्टर बसल्या, मागे मी, लसींचा डबा मांडीवर घेऊन.