तीन पौंडांचा समुद्रप्रवास

अरबी समुद्र, ऑक्टोबर १९६६

तीर्थरूप दादा,

वाशीमहून मीटरगेज गाडीने अकोला, तेथून मेलने बोरीबंदर आणि बॅलार्ड पिअरवर कस्टमच्या अंमलदारांनी ट्रंकेचा तळ ढवळून झाल्यावर आगबोट, इतका प्रवास यथास्थित पार पडला असून, रुपयाची अशी अवस्था झाली असता तू साहेबाच्या बोटीवर दिवस काढणार कसे, असा जो प्रश्न रिठद सोडताना आपण केला होता, त्याचे उत्तर आता थोडे थोडे मिळू लागले आहे. गेल्या ६ जूनपासून पौंडाचा भाव १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांवर गेला. त्यामुळे परदेशप्रवासाच्या परवानगीचा पी-फॉर्म मंजूर झाल्यावर जे तीन पौंड प्रवाशाच्या हाती पडतात, त्यांना पूर्वी ४० रुपये मोजावे लागत ते आता ६३ लागतात, आणि पौंड मात्र तीनचे तीनच. निजामी अमदानीत हिंगोलीच्या बाजारात आपण कापसाचे व्यवहार केलेले आहेत. निजामाच्या सात हाली रुपयांना इंग्रजी सहा कलदार हा हिशेब आपल्या जिभेवर असे, आणि बट्टा दुबळ्या नाण्याच्या धन्यालाच सोसावा लागतो हे मी आपणांस काय सांगावे! तेव्हा आपण वऱ्हाडातले कलदारवाले होतो. या बोटीवर आपण हालीवाले आहोत.

भाडे पौंडांत ठरत असले तरी मुंबईस ते रुपयांत भरता येते, आणि त्या भाड्यात निजण्याची जागा, पहाटेचा चहा, तिन्ही वेळचे भोजन व अपराण्हीचा फराळ ही सर्व आलेली असतात. जे रुपयांत चुकते झाले ते मनसोक्त भोगावे आणि ज्याची फेड पौंडांत करावयाची त्याकडे पाहूही नये, एवढीच माझी राज्यघटना आहे. अनर्थाचे मूळ म्हणजे चिठ्ठी. लिंबाचे सरबत मागा, सिगारेट मागा, केस कापवून घ्या, रोकड कोणी मागत नाही. चिठ्ठीवर सही घेतात, आणि या सह्यांची फर्द अखेरच्या दिवशी पुढे येते. मी अद्यापि एकही सही केलेली नाही. रात्री डेकवर फासे टाकून लाकडी घोड्यांच्या शर्यती लावतात; त्या पाहण्यास दाम पडत नाही, आणि दुसऱ्याचा घोडा हरताना पाहण्यात जो निर्मळ आनंद आहे तो पण लावणाऱ्याच्या नशिबी नसतो.

आमच्या टेबलाचा वाढपी गोव्याचा. त्याच्या कोंकणीची आणि माझ्या वऱ्हाडीची गाठ पडताच त्याने सल्ला दिला, की कपडे धोब्याकडे देऊ नयेत, न्हाणीत स्वतः खळबळून केबिनमध्ये वाळवावेत. वहिनींनी दिलेले लिंबाचे लोणचे बोट हलू लागली तेव्हा औषधासारखे उपयोगी पडले.

एडन

येथे स्टीमर पॉइंटला उतरलो. गोऱ्या शिपायांचे पहारे जागोजाग आहेत, तरीही बाजार भरलेला होता. १८५० पासून हे जकातमुक्त बंदर असल्याने घड्याळे आणि ट्रान्झिस्टर पाहून सहप्रवाशांचे भान हरपले. परंतु स्वस्त वस्तू घेण्यासही पौंड लागतो, आणि परतताना मुंबईची जकात वाट पाहतच असते, हा विचार त्या दुकानांच्या उजेडात सुचणे कठीण. हे शहर १९३७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या अमलाखाली होते आणि १९५१ पर्यंत येथे आपला रुपया चाले. आता गेल्या वर्षापासून दिनार आहे, आणि तो पौंडाच्या बरोबरीचा. इराणी आखातासाठी १९५९ साली रिझर्व्ह बँकेने निराळ्या नोटा काढल्या होत्या. यंदाच्या अवमूल्यनानंतर कतार व दुबई यांनी त्यांच्याशीही फारकत घेतली. ज्या पेठांत वडीलमंडळींचा रुपया मानाने फिरला, त्या पेठांतून त्याच रुपयाच्या धन्याने खिसा आवळून चालावे, याचे वैषम्य मला काटकसरीच्या कष्टांपेक्षा अधिक वाटले. काही खरेदी केली नाही.

पोर्ट सैद

सुएझला बरेच प्रवासी उतरले आणि मोटारीने कैरोला जाऊन, पिरॅमिड पाहून, येथे पुन्हा बोटीवर चढले. तो खर्च माझ्या आटोक्याबाहेरचा असल्यामुळे मी डेकवर राहिलो, आणि मला त्याचा विषाद नाही. कारण १८६९ साली खुला झालेला आणि दहा वर्षांपूर्वी नासरने राष्ट्राच्या मालकीचा केलेला हा कालवा ज्याने दिवसभर कठड्याला टेकून पाहिला, एका तीरावर गोड्या पाण्याच्या पाटाकाठची हिरवळ आणि दुसऱ्या तीरावर सिनाईची निव्वळ वाळू, त्याला भाड्याचा मोबदला पुरेपूर मिळाला असेच मी म्हणेन. येथे होड्यांतून फेरीवाले येतात, दोरीला टोपली बांधून चामड्याच्या पिशव्या वर पाठवतात, आणि सांगितलेल्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यावर उतरतात; तरीही चौथा हिस्सा पौंडाचाच.

तीनपैकी एक पौंड वाढप्याच्या व केबिन साफ करणाऱ्याच्या बक्षिसीसाठी निराळा बांधून ठेवला आहे. दुबळ्या नाण्याची सबब श्रम करणाऱ्या माणसापुढे सांगणे मला प्रशस्त वाटत नाही. ती बोटीच्या दारूखान्यापुढे हवी तितकी सांगावी. बोटीवरचे तिकीट पेन्सांत पडते म्हणून ही तिन्ही पत्रे एकाच लिफाफ्यात घालीत आहे, उशिराबद्दल रोष नसावा.

पुढील वर्षी भाचा विलायतेस यावयाचा म्हणतो, त्याला एवढे कळवावे: पी-फॉर्मचा अर्ज आधी द्यावा, पैसे हाती असतील तर परतीचे भाडेही मुंबईसच भरून टाकावे, साबण, दाढीची पाती व औषधे घरून न्यावीत, आणि बोटीवर कोणत्याही चिठ्ठीवर सही करू नये.