सूक्ष्मदर्शकामागच्या बाई

ऑपरेशन निभावलं तेव्हा सर्जनना पेढे गेले, भूल देणाऱ्या डॉक्टरांना गेले, वॉर्डातल्या सिस्टर आणि मामांनाही गेले. पॅथॉलॉजिस्ट मात्र कुणाला आठवल्या नाहीत. पेशंटला त्यांची फक्त सही दिसते, तीही रिपोर्टच्या तळाशी. माझं खरं देणं त्यांचं आहे.

जेवल्यावर पोट जड व्हायचं म्हणून सोनोग्राफी केली, मग सीटी. जठराच्या मोठ्या वळणाला चिकटलेली गाठ निघाली. आतला द्रव इतका दाट, की सीटीत ती भरीवच दिसली. ‘जिस्ट असावी,’ सर्जन म्हणाले. म्हणजे जठराच्या भिंतीतला ट्यूमर. त्या दिवसापासून घरात कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारला नाही, सगळे नुसतं ‘ते’ म्हणत. सर्जनना मी बोल लावणार नाही. ती पुढे जन्मजात गाठ निघाली, आणि अशा गाठी बहुतेक तान्ह्या वयातच सापडतात, चाळिशी उलटलेल्या बाईच्या पोटात कोण शोधायला जातंय? शिवाय त्यात क्वचित कॅन्सर झाल्याच्याही नोंदी आहेत, तेव्हा काढली हेच बरं.

रिपोर्टात ‘गॅस्ट्रिक डुप्लिकेशन सिस्ट’ वाचून काही उमगेना. लॅबमध्ये विचारलं, तर बाईंनी आतच बोलावलं.

‘‘बसा. कॅन्सर नाही, हे आधी ऐका. ही गाठ तुम्ही आईच्या पोटात असतानाच झालीय.’’

मग काचपट्टी लावून त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. गुलाबी-जांभळा पसारा. ‘‘हा स्नायूचा थर बघा. जठराचाच आहे, तोच पुढे गाठीभोवती गेलाय. आता आतल्या काठावर या. बारीक केसांची झालर दिसते? अशी श्वासनळीत असते.’’

पोटात श्वासनळीचं अस्तर! माझा चेहरा बघून त्या हसल्या. गर्भात जठर आणि श्वासनळी एकाच नळीतून घडतात, म्हणाल्या. तिथे कुठे वाट चुकली की असं होतं. बोस्टनच्या लॅड नावाच्या सर्जननं १९३७ साली आतड्या-जठराच्या अशा सगळ्या गाठी ‘डुप्लिकेशन’ या एका नावाखाली आणल्या, हेही त्यांनीच सांगितलं. बाहेर त्यांचा मदतनीस दोनदा डोकावून गेला, तरी त्यांनी घाई केली नाही.

उठताना त्यांनीच विचारलं, ‘‘ही पट्टी शिकवायला ठेवू का? आमच्या मुलांनी ही गाठ पुस्तकातच पाहिलीय.’’

ठेवा म्हटलं. एम.डी.ची नवी बॅच आली की अजून त्यांचा फोन येतो: ‘‘तुमच्या गाठीनं आजही चौघांना चकवलं हो!’’