खिशातलं बिऱ्हाड

माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक पेनड्राइव्ह कायम असतो. त्यात गाणी नाहीत, सिनेमे नाहीत; अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम आहे.

ओळख झाली ती सीडीतून. बीडला कॉलेजात असताना मित्राने उबुंटू या लिनक्स सिस्टीमची सीडी मागवली होती. 2011 पर्यंत ती फुकट घरपोच यायची. सीडी घातली आणि हार्ड डिस्कला हात न लावता समोर वेगळाच डेस्कटॉप उभा राहिला. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपरने 2000 साली अशीच सीडीवरून चालणारी ‘नॉपिक्स’ काढून ही वाट रुळवली होती.

पुढे पेनड्राइव्ह स्वस्त झाले. स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता. मिळेल त्या मशीनवर एफ-12 दाबायचं, यादीतून यूएसबी निवडायची. काळ्या पडद्यावर ओळी सरसर वर जात आणि माझा मराठी कीबोर्ड, माझ्या फायली, अर्धवट राहिलेला अर्ज हजर. दिवाळीनंतर आमच्याकडची ऊसतोड कुटुंबं कारखान्याच्या तळावर बिऱ्हाड मांडतात, तसं हे: जागा परक्याची, संसार आपला.

एकदा लिंबागणेशात शेजारच्या कॉम्प्युटरवर विंडोज सुरूच होईना. त्यात मुलीच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रं अडकलेली, आणि फॉरमॅट मारा, असा सल्ला मिळालेला. मी पेनड्राइव्ह लावला. डिस्क धड होती, बिघडलं होतं ते विंडोज. फायली एकेक करून बाहेर काढल्या. जातीचा दाखला उघडला तेव्हा तिच्या आईने पदराला हात पुसले आणि पडद्यावरच्या नावाखालून हळूच बोट फिरवलं.

8 एप्रिल 2014 ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीचे अपडेट थांबवले, 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची पाळी आली. अशा वेळी चालती मशीनंही अडगळीत जातात. पपी लिनक्ससारखी सिस्टीम मात्र काहीशे एमबीत मावते आणि रॅममध्ये चढून बसते. म्हणून म्हाताऱ्या मशीनवरही चपळ चालते.

गावी गेलो की मी पोरांना हेच शिकवतो: आयएसओ, म्हणजे सिस्टीमची फाइल, उतरवा, ती जशीच्या तशी आली का हे चेकसम जुळवून बघा, मगच पेनड्राइव्हवर चढवा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत. नवा लॅपटॉप घेणं प्रत्येक घराला झेपत नाही, पण तेवढ्यासाठी कुणाचं शिकणं अडू नये. मशीन कुणाचंही असो, त्यावर काय चालवायचं हे पोरांनी स्वतः ठरवावं, हा त्यांचा हक्क आहे.