खोडलेल्या ओळींचं देणं

ताईंनी माझं तोंडभरून कौतुक केल्याचं मला आठवत नाही. त्यांनी माझ्या वहीत केलेली खोडाखोड मात्र आजही डोळ्यांपुढे आहे. पेन्सिलीने खोडलेली ओळ आणि तिच्यासमोर समासात बारीक अक्षरात एखादा प्रश्न. हे कुणी पाहिलं? तेव्हा किती वाजले होते? हातात काय होतं? रात्रपाळीला वॉर्डात उभी राहून मी आज जे बोलू शकते, ते त्या समासातल्या प्रश्नांच्या जिवावर.

ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आमची वस्ती. वडील ज्या कंपनीत टर्नर होते ती बंद पडली आणि ते एका सोसायटीत वॉचमन झाले. आई पाचपाखाडीत धुण्याभांड्याची कामं करायची. आम्ही मूळचे लातूरकडचे, घरात बोलणं तिकडचंच. शाळेत एकदा वक्तृत्व स्पर्धेला नाव दिलं तर ‘उच्चार सुधार, मग बघू’ म्हणून ते कमी झालं. त्यानंतर वर्गात माझा आवाज हजेरीपुरता. वस्तीतल्या पोरांची तऱ्हा निराळी, पण दुखणं तेच. गणपतीत ढोलापुढे बेभान नाचणारा मुलगा बँकेत स्लिप भरताना थरथरायचा. रेशन दुकानात दटावलं की मोठी माणसंसुद्धा गप्प होत, मग आमची काय कथा.

त्या सुमारास, म्हणजे 2014च्या आसपास, ठाण्यात रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला होता. 1962पासून बालनाट्यं करणाऱ्या, ‘अलबत्या गलबत्या’ लिहिणाऱ्या माणसाने पंचाहत्तरी ओलांडल्यावर हे काम हाती घेतलं होतं. कल्पना साधी होती. वस्तीतल्या मुलांनी आपलेच विषय घ्यायचे, आपणच लिहायचं, आपणच करायचं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण आपल्याकडे हौशी नटांची भरती बहुतेक कॉलेजातल्या एकांकिका स्पर्धांतून होते. दहावीला जो गळला, त्याच्यासाठी ते दार परस्पर बंद. आणि बालनाट्याचं तिकीट काढणारं घर आमच्या गल्लीत नव्हतं.

आम्ही काही त्या उपक्रमात नव्हतो. पण आमच्या ताईंनी तिथल्या मुलांची नाटुकली पाहिली आणि त्या आमच्या वस्तीत आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, डोंबिवलीच्या. नोकरी करता करता राज्य नाट्य स्पर्धेत आणि बँकांच्या आंतरशाखीय स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षं कामं केलेल्या. बक्षीस नाट्यलेखनाचं कधी मिळालं नाही, हे त्या स्वतःच हसत सांगायच्या. रविवारी सकाळी लोकलने ठाण्याला यायचं, स्टेशनवरून शेअर रिक्षा पकडायची आणि समाजमंदिराची किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांना उठवायचं. खाऊ कधी आणला नाही. खाऊ आणला की मुलं खाऊसाठी येतात, हे त्यांचं मत. मला ते तेव्हा कंजूषपणाचं वाटलं होतं.

सुरुवातीचे कितीतरी रविवार संवाद नावाची गोष्टच नव्हती. चालायचं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, कुणाला धक्का न लावता, पण कुणाची नजर न चुकवता. एवढंच. करून बघा, फार कठीण आहे. दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या मुलीला अंग चोरायची सवय इतकी मुरलेली असते की मोकळ्या जागेतही कोपर पोटाशीच राहतं. मग आवाज. ताई शेवटच्या खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, ‘ओरडू नकोस. मला सांग.’ ओरडणं आणि पोचणं यातला फरक घशाला आधी कळतो, डोक्याला नंतर. आमच्या गल्लीत सगळेच ओरडून बोलायचे, पण त्या खिडकीपर्यंत कुणाचंच बोलणं पोचत नव्हतं. उच्चारांबद्दल त्यांनी मला एका शब्दाने टोकलं नाही. भाषा घरचीच ठेव, फक्त शब्दाची शेपटी गिळू नकोस, इतकीच ताकीद.

लिहायची वेळ आली तेव्हा मी विषय घेतला सार्वजनिक शौचालयाच्या किल्लीचा. आमच्याकडे रात्री अकरानंतर बायकांच्या बाजूला कुलूप लागायचं आणि किल्ली एका काकांच्या घरी. रात्री जायचं तर त्यांचं दार वाजवायचं. म्हणून आम्ही मुली संध्याकाळी सातनंतर पाणीच प्यायचो नाही. मी वहीची चार पानं भरून आणली. स्त्रीजातीवरचा अन्याय, स्वातंत्र्याला इतकी वर्षं झाली तरी, वगैरे. शाळेच्या निबंधात असतं ते सगळं. ताईंनी बसल्या बैठकीला जवळजवळ सगळं खोडलं. खाली एकच वाक्य राहिलं, जे मी ओघात लिहून गेले होते: ‘झोपलीस का गं?’ रात्री मैत्रिणीच्या खिडकीशी जाऊन मी हेच विचारायचे, कारण एकटीने जायची हिंमत नव्हती.

‘नाटक इथून सुरू होतं,’ त्या म्हणाल्या. मग प्रश्नांची सरबत्ती. ती जागी असते की नाही? पहिल्या हाकेला ओ देते? काका दार उघडतात तेव्हा त्यांच्या अंगावर काय असतं? काय म्हणतात? कुलूप एका फटक्यात उघडतं का? मला सगळं माहीत होतं. मला सगळं माहीत आहे, हे मात्र त्या दिवशी कळलं. लातूरकडून आलेल्या वॉचमनच्या मुलीकडे असं काही आहे जे बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंना ठाऊक नाही आणि ते त्यांना खरोखर जाणून घ्यायचंय, हा अनुभव मला तोवर कुठल्याही मोठ्या माणसाने दिला नव्हता. ताईंनी माझं लिहिणं खोडण्याच्या लायकीचं मानलं. ज्या वहीला किंमत नसते, तिच्यावर लोक ‘छान’ लिहून मोकळे होतात.

मधे एकदा टी-शर्ट वाटणारे लोक येऊन गेले. दोन दिवसांचं व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर. मुठी आवळून ‘मी करू शकतो’ असं सगळ्यांनी मिळून म्हणायचं, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. वाईट नव्हते बिचारे. टी-शर्ट पुढे खूप दिवस टिकले. पण काय करू शकतो, हे कुणी विचारलं नाही. आमच्या तालमीत ‘मी करू शकते’ म्हणायला वावच नव्हता. एंट्री चुकली तर पुन्हा, पाठ प्रेक्षकांकडे झाली तर पुन्हा, दुसऱ्याच्या वाक्यावर वाक्य चढलं तर पुन्हा. एक दिवस ते जमायचं. मग ते जमतं हे वेगळं सांगावं लागत नसे.

प्रयोग समाजमंदिरातच झाला. नेपथ्य म्हणजे एक कुलूप आणि एक बादली. किल्लीवाले काका पहिल्या रांगेत. माझ्या मैत्रिणीने त्यांचं काम इतकं हुबेहूब केलं, जांभई देत बनियन खाजवत किल्ली शोधणं, की सगळी वस्ती हसून लोळली आणि सगळ्यांत मोठ्याने काकाच हसले. मग हळूहळू त्यांचं हसू थांबलं, कारण पुढचा प्रसंग मैत्रीण जागी होत नाही असा होता. मी एकटी बादली घेऊन उभी. तिथे वाक्य नव्हतं. ताईंनी तिथलंही खोडलं होतं.

याचं पुढे काय झालं, तर फार काही नाही. शौचालयापाशी दिवा लागला, तो महिन्याभरात फुटला. किल्ली मात्र काकांच्या घरातून बाहेर आली आणि बायकांच्या बाजूच्या खिळ्यावर टांगली जाऊ लागली. आमच्यातली काही मुलं दहावीनंतर गळली ती गळलीच, एकीचं लग्न अठराव्यालाच लागलं. नाटकाने गरिबी हटते असं मी कधीच म्हणणार नाही. आणि कुणी म्हणत असेल तर तो अनुदानाचा अर्ज भरत असावा. आमच्यातलं कुणी नटही झालं नाही. पण बनियन खाजवणारी ती मैत्रीण आज रिक्षा चालवते आणि आरटीओत स्वतःचं काम स्वतः करून घेते, एजंट न धरता.

मी नर्सिंगला गेले. मे 2020मध्ये मतकरी कोरोनाने गेले तेव्हा माझं शेवटचं वर्ष सुरू होतं. ताईंना फोन केला, त्या बराच वेळ मतकरींबद्दल बोलत राहिल्या. पुढे नोकरी लागली. रात्री राउंडला आलेल्या डॉक्टरांनी लिहिलेला डोस मला एकदा जास्त वाटला. हाताखालच्या माणसाने अशा वेळी गप्प राहायचं असतं, असं मी लहानपणापासून पाहत आले होते. मी म्हटलं, ‘सर, हे एकदा पुन्हा पाहता का?’ न ओरडता. त्यांनी पाहिलं आणि बदललं. एवढंच. यात नाट्य काही नाही, पण ती शेवटच्या खिडकीपर्यंत पोचणारी पट्टी मला शाळेने दिलेली नव्हती.

ताईंचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत, त्यामुळे रविवारी समाजमंदिरात मी जाते. ड्युटी असली की मैत्रीण रिक्षा बाजूला लावून बसते. नाटकातलं आम्हाला फारसं येत नाही, प्रश्न विचारता येतात. ज्यांना खरंच येतं, म्हणजे हौशी रंगभूमीवर उभी हयात घालवलेले, गाणारे, चित्रं काढणारे, आता निवृत्त होऊन घरी बसलेले, त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या घराजवळ अशी एखादी वस्ती असणारच, आणि तिथलं समाजमंदिर रविवारी सकाळी रिकामं असतं. दोन तास द्या, पण दोन वर्षं द्या. दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं असेल तर येऊ नका.