एस.टी.चा फाटा आणि पाऊलवाट

स्वतःची मोटार बाळगणाऱ्या मनुष्याला पायी फिरण्याचे सुख अर्धेच मिळते, असे आम्ही म्हटले तर पुष्कळ वाचकांस ते विपरीत वाटेल. परंतु थोडा विचार करावा. मोटार जेथे उभी केली असेल तेथेच त्याला परत यावे लागते. दाव्याला बांधलेले गुरू जसे खुंट्याभोवती फिरते, तसे त्याचे फिरणे होय. दावे एक कोसाचे असो की दोन कोसांचे, खुंटा काही सुटत नाही. एस.टी.ने जाणाऱ्याची गोष्ट निराळी. तो एका फाट्यावर उतरतो, शेते आणि नाले ओलांडतो, आणि भलत्याच गावी जाऊन परतीची गाडी धरतो. आमच्या देशातील पाऊलवाटा मुळात अशाच चालण्यासाठी पडल्या आहेत. बाजाराला, सोयऱ्याच्या घरी, जत्रेला जाणारा मनुष्य एका गावाहून दुसऱ्या गावी जात असे. नुसता फेरा मारून घरी येण्यासाठी कोणी वाट पाडली नाही.

हे आमचे मत पुस्तकी नव्हे. गेली काही वर्षे मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत, महिन्यातून एखाद्या रविवारी, आम्ही घरची चार माणसे अकोल्यास वाशीमच्या गाडीत बसतो आणि सुमारे ५० किलोमीटरांवरील मेडशीस उतरतो. मेडशी हे मालेगाव तालुक्यातील सडकेवरचे गाव. तेथे थंड हवेचे ठिकाण नाही की प्रेक्षणीय धबधबा नाही. त्यामुळे "मेडशीस पाहावयाचे तरी काय?" असा प्रश्न आमचे स्नेही आम्हांस नेहमी करतात. त्याचे उत्तर उभ्याउभ्या देता येण्यासारखे नाही; म्हणून येथे देत आहोत.

वऱ्हाडाचे जुने भाग दोन: पूर्णेच्या सपाट खोऱ्यातला पयानघाट, आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा बालाघाट. पातूर मागे टाकून गाडी घाट चढू लागली म्हणजे ती पहिल्या भागातून दुसऱ्यात शिरत असते. गाडीतल्या उतारूला इंजिनाचा सूर बदललेला तेवढा ऐकू येतो. पायी चालणाऱ्याला मात्र काळी जमीन सरून मुरमाड लागलेली तळव्याला कळते; तुरीची आणि हरभऱ्याची वावरे संपून साग, पळस, सालई, धावडा केव्हा सुरू झाला हे दिसते. या टापूत पाण्याच्या वाटाही फुटतात. काटेपूर्णा उत्तरेस उतरून पूर्णेस मिळते आणि ते पाणी तापीवाटे पश्चिमसमुद्रास जाते. दक्षिणेकडचे पाणी पैनगंगेतून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करीत पूर्वसमुद्रास पोचते. हे ऐकून आमच्या धाकट्या मुलीने एका उंचवट्यावर उभे राहून बाटलीतले पाणी दोन्ही अंगांना थोडे थोडे ओतले आणि दोन्ही समुद्रांस आपली भेट रवाना केली. तो उंचवटा नेमका तोच होता की नाही, याची चौकशी आम्ही केली नाही.

आता रस्त्यांविषयी. अकोल्याहून नांदेडकडे जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग येथूनच जातो. तो चौपदरी करण्याचे काम अकोला ते मेडशी आणि मेडशी ते वाशीम अशा टप्प्यांनी दिले गेले. म्हणजे एका कामाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होण्याचे ठिकाण, हा मान आमच्या मेडशीस मिळाला. रस्ते बांधण्याची विद्या आज किती पुढे गेली आहे, हे वऱ्हाडाने डोळ्यांनी पाहिले आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातला गेला आणि त्याची नोंद जागतिक विक्रमांत झाली. पाऊलवाटेला असा कंत्राटदार नसतो. ती पडावयास दोन-तीन पिढ्यांची पावले लागतात. आणि दोन पावसाळे कोणी फिरकले नाही तर ती गवताखाली जाते.

मागच्या पौषात मेडशीच्या आखरावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांस आम्ही पलीकडच्या गावची वाट विचारली. ते म्हणाले, "थे वाट आता मोडली, भाऊ. पोट्टे फटफटीनं सडकेनं जातात. तुम्ही धुऱ्याधुऱ्यानं जा. नाल्यापावतर सापडन, मंग पुढं इचारा." नाल्यापर्यंत वाट खरोखरच सापडली. पुढे तिच्यावर तुरीचे तास आलेले होते. आम्ही घोटाळून उभे असलेले पाहून वावरातल्या बाईंनी हाक मारली, मुलींच्या ओंजळीत हरभऱ्याचे घाटे घातले आणि धुऱ्याचे काटेरी फाटक स्वतः बाजूला केले. "माही सासू याच वाटेनं बजाराले जाये," त्या म्हणाल्या. त्यांच्या सुनेने ती वाट कधी तुडविली नव्हती. एका वाटेचे आयुष्य त्या दोन वाक्यांत आमच्यासमोर होते.

येथे कोणी विचारील की दुसऱ्याच्या शेतातून जाणारी वाट ही वाट कशी? तर गावाचा नकाशा पाहावा. त्यात गाडीवाट तुटक दुहेरी रेघेने आणि पाऊलवाट तुटक एकेरी रेघेने काढलेली असते, आणि त्या एकेरी रेघेला सव्वाआठ फूट रुंदी मानलेली आहे. शेतात जाण्याचा मार्ग अडला तर बांधांवरून वाट देण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४३ ने तहसीलदारास दिला आहे. अर्थात तो शेतकऱ्याच्या सोयीसाठी आहे. आमच्यासारख्या रविवारच्या पांथस्थांसाठी कायद्याने काही केलेले नाही. इंग्लंडात २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउट नावाच्या माळावर गिरणीकामगारांसह कित्येक तरुण मालकांची मनाई मोडून चढले आणि त्यांतल्या काहींनी तुरुंगवास भोगला. पुढे १९४९ च्या कायद्याने तेथील पाऊलवाटांची नोंद करणारे नकाशे तयार होऊ लागले. आमच्याकडे गोष्ट उलटी आहे. रेघ नकाशावर आहे, अडविणारा जमीनदार नाही, शेतकरी तर हरभरा देऊन वाट दाखवितो. उणीव आहे ती चालणाऱ्याची.

आणि चालणारा तेथवर पोचावयाचा तर एस.टी. थांबली पाहिजे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी गाडी प्रथम धावली, आणि १९६१ पासून विदर्भातील सेवाही त्याच महामंडळात आली. तेव्हापासून "फाटा" हा शब्द आमच्या भूगोलाचे एक एकक होऊन बसला आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील उतारूंस तिकीट पडत नाही आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धेच पडते. त्यामुळे मुलींना घेऊन निघणाऱ्या कुटुंबास हा विहार चहाफराळाइतका स्वस्त झाला आहे. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते, आणि गाडीत बसावयास गाडी थांबावी लागते. चौपदरी रस्ते गावाला वळसा घालून जाऊ लागले म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीला लहान फाटा दिसेनासा होतो. फाट्यावर कोणी उतरत नाही म्हणून गाडी थांबत नाही, आणि गाडी थांबत नाही म्हणून कोणी उतरत नाही. यात मोडते ती नुसती आमची सहल नव्हे. त्याच फाट्यावरून गावची मुलगी कॉलेजात जाते आणि म्हातारा दवाखान्यात जातो. आमची चार तिकिटे त्यांच्या तिकिटांत पडली, तर तो फाटा जिवंत ठेवण्यास तेवढाच हातभार लागतो.

ज्यांना जावेसे वाटेल त्यांच्यासाठी थोडे अनुभवाचे बोल. सकाळची पहिली गाडी धरावी आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ कंडक्टरला विचारून ठेवावी; ती वेळ मनात असली म्हणजे पावले आपोआप बेताची पडतात. पाणी भरपूर घ्यावे. रानडुकरांच्या भीतीने पुष्कळ शेतकरी कुंपणात वीज सोडतात, म्हणून कोणत्याही तारेस हात लावू नये. जंगलात परवानगीवाचून शिरू नये. जवळच १९८८ साली घोषित झालेले काटेपूर्णा अभयारण्य आहे. तेथे चौसिंगा आणि बिबट्या राहतात, आणि त्यांच्या घरी आगाऊ निरोप न देता जाणे शिष्टाचाराला सोडून होईल. गावच्या वाटेवर रोही दिसतात, तेवढ्यावर समाधान मानावे.

याच मेडशीस शेगावच्या श्रीगजानन महाराजांची पालखी दर वर्षी पंढरीस जाताना पातूरनंतर मुक्काम करते आणि पुढे शिरपूर जैनची वाट धरते. शेकडो वारकरी पायी येतात, गाव त्यांना जेवू घालते, आणि पायी चालणे हे दारिद्र्याचे लक्षण नव्हे ही गोष्ट निदान त्या दिवशी सर्वांच्या ध्यानात असते. पण पालखी मोठ्या रस्त्याने जाते. धुऱ्यावरच्या वाटेला तिची पावले लागत नाहीत.

येत्या फाल्गुनात पळस फुलेल तेव्हा आम्ही पुन्हा जाणार आहोत. या खेपेस दोन शेजारकुटुंबे बरोबर आहेत, आणि नाल्यापलीकडे ती वाट कोठे निघते हे त्या बाईंच्या सासूबाईंनाच विचारावयाचे ठरले आहे. दहाबारा माणसे महिन्यातून एकदा गेल्याने मोडलेली वाट पुन्हा पडते की नाही, हे अजून पाहावयाचे आहे.