चमचाभर पाणी

1986 च्या पावसाळ्यात धाकट्याला ढाळ लागले, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आजीचं म्हणणं एकच, पोट बिघडलंय ना, मग पाणी तोडा. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले. नर्सबाई आल्या. त्याच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून त्यांनी सोडली. ती सावकाश खाली बसली. मग त्यांनी जलसंजीवनीची पुडी लिटरभर पाण्यात कालवली आणि चमचा आईच्या हातात दिला. "ओकला तरी थांबू नका. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा." आई रात्रभर पाजत राहिली. पहाटे त्यानं अंथरूण ओलं केलं आणि आई रडायला लागली.

पुढे मी नर्स झाले. त्या चमच्यामागचा माणूस मला शिकत असताना भेटला, पुस्तकात. डॉ. दिलीप महालनोबीस, कोलकात्यात संशोधन करणारे बालरोगतज्ज्ञ. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली. बनगावच्या रुग्णालयात दोनच खोल्या, माणसं जमिनीवर, ओकारी आणि जुलाबात. त्यातच गुडघे टेकून सलाईन लावावं लागे, आणि तेही संपत आलेलं. त्यांनी लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करून घेतलं. पटकीतही आतडं ग्लुकोजबरोबर मीठ आत घेतं आणि मिठामागून पाणी येतं. हे आधीच माहीत होतं. पण असं पाणी डॉक्टरांच्या डोळ्यांआड नातलगांनी पाजायचं, ही कल्पना पुष्कळांना धोक्याची वाटे. महालनोबीसांनी ते पाणी आया, भाऊ, नवरे यांच्याच हाती सोपवलं. मला यातलं धाडस औषधापेक्षा मोठं वाटतं. तिथला मृत्युदर सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आला.

ऑक्टोबर 2022 मध्ये ते गेले. पद्मविभूषण जाहीर झालं त्यानंतर, 2023 मध्ये. ती बातमी वाचताना मला आमचा चमचा आठवला, दांड्याशी वाकलेला.

आणि आजी. त्या रात्रीनंतर आळीत कुणाचं मूल आजारी पडलं की तीच पुडी घेऊन जायची. पुडी नसली तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, दोन्ही सपाट. मग एक थेंब जिभेवर ठेवायची. आसवांहून खारट लागलं, तर ओतून देऊन पुन्हा करायची.