गोचिडाचे तीन वार

गोचिडाविषयी कोणी चांगले बोलल्याचे माझ्या ऐकिवात नाही. कीर्तनकारबुवांनी तर त्याला कायमचा आरोपीच ठरवून टाकले आहे. गाईच्या दुधाने तटतटलेल्या सडाला चिकटूनही हा करंटा दूध सोडून रक्तच पितो, असा दृष्टांत बुवांनी दिला, की श्रोत्यांच्या माना डोलतात आणि काहींच्या नजरा गावातल्या सावकाराकडे हळूच वळतात. मुंगीला उद्योगाचे, मधमाशीला संचयाचे आणि कोळ्याला चिकाटीचे प्रशस्तिपत्र आपण केव्हाच देऊन बसलो आहोत. वास्तविक चिकाटीत गोचीड कोळ्याला तिळभरही हार जाणार नाही. पण कोळी करतो ती चिकाटी, आणि गोचीड करतो ते नुसते चिकटणे!

मलाही त्याच्याविषयी कुतूहल वाटण्याचे काही कारण नव्हते. पण दोडामार्गच्या बाजूला आमची काजूची लहानशी बाग आहे. आणि 2016 साली त्या तालुक्यात माकडतापाने माणसे आजारी पडू लागली, काही दगावलीही. ताप विषाणूचा आणि तो विषाणू माणसाच्या अंगात सोडणारा गोचीड, एवढे सर्वांना कळले. ज्याच्यामुळे स्वतःच्याच बागेत पाऊल टाकताना छातीत धडधडते, तो आहे तरी कोण, हे पाहावे म्हणून मी पुस्तके चाळू लागलो. गोचीड अंगावर केव्हा चढला ते कळत नाही म्हणतात. या विषयाचेही माझ्या बाबतीत तसेच झाले.

गोचीड हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि त्याचे गोत्र कोळ्या-विंचवांचे. अंड्यातून बाहेर पडते ती मात्र सहा पायांची, खसखशीच्या दाण्याएवढी अळी. तिला एकदा पोटभर रक्त मिळाले, की ती कात टाकून आठ पायांचे पिल्लू होते. पिल्लाला दुसरे जेवण मिळाले, की त्याचा पुरता वाढलेला गोचीड होतो. मादी तिसरे जेवण घेते ते इतके, की तिचे वजन शंभरपट वाढते. मग ती खाली पडून हजारो अंडी घालते आणि मरते. आयुष्यात जेवणे अवघी तीन आणि आपल्या रानातल्या बहुतेक जातींची ही तिन्ही जेवणे तीन निरनिराळ्या घरी. पुण्यात पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, त्याची मला येथे आठवण होते. त्यांना आठवड्याचे सात वार असत, याला जन्माचे तीन. दोन वारांच्या मधले महिनेच्या महिने हा उपाशी जीव गवताच्या पात्यावर पुढचे पाय उचलून बसून असतो. त्याला उडता येत नाही आणि उडीही मारता येत नाही. त्या पुढच्या पायांत जवळून जाणाऱ्या प्राण्याच्या उच्छ्वासाचा वास घेणारे एक इंद्रिय असते. तेवढ्या भरवशावर तो यजमानाची वाट पाहतो.

आणि यजमानही कोणी का असेना, असे नाही. जगात गोचिडांच्या 900च्या आसपास जाती आहेत. आपल्या सह्याद्रीच्या सदाहरित रानात नुसते जनावरांच्या अंगावर पाहत गेले तरी थक्क व्हायला होते. खवल्या मांजराच्या खवल्यांखाली राहणारा अँब्लियोमा जाव्हानेन्स निराळा आणि घोरपडीला व सापाला धरणारा अँब्लियोमा गर्वायसी निराळा. उडणाऱ्या खारीचा इक्सोडिस पेटॉरिस्टी आपले बिऱ्हाड तिच्याबरोबर झाडावर थाटतो. डर्मासेंटर ऑरेटस हा पाठीवर नक्षी असलेला देखणा गोचीड वयात आला की रानडुकराकडे जेवायला जातो. रानकोंबड्यांकडे जेवणारे आणखी निराळे. कोणी कुठे जेवावे, हे रानाने कित्येक युगांपूर्वी ठरवून दिले आहे. म्हणजे नुसत्या गोचिडांची यादी कोणी माझ्या हाती दिली, तर त्या रानात कोण कोण नांदते आहे, ते मला घरबसल्या सांगता यावे. खवल्या मांजर चोरट्या शिकारीने संपत चालले आहे, याची हळहळ आपण करतो. ते संपले तर त्याच्या खवल्यांखालचे बिऱ्हाडही मोडेल. त्याचा मृत्युलेख मात्र कोणी लिहिणार नाही.

ही सारी वंशावळ माणसाने तपासली ती काही कौतुकापोटी नव्हे. 1957 साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाच्या जंगलाच्या आसपास माकडे पटापट मरू लागली आणि लगतच्या खेड्यांत माणसे तापाने फणफणली. वानरे आणि माणसे एकदम मरतात म्हटल्यावर तज्ज्ञांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची. तो आफ्रिका-अमेरिकेतला आजार. हिंदुस्थानात कधी न आलेला. पुण्याला 1952 साली विषाणू संशोधन केंद्र निघाले होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. तिथले टेलफर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो तातडीने तिकडे गेले. पीतज्वर नव्हे, असे निष्पन्न झाले. विषाणू नवीनच निघाला, आणि त्याचे जवळचे नातलग सापडले ते थेट रशियात. तो वाहणारा मुख्य धनी होता हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाचा गोचीड.

रशियाचे नाव निघाल्यावर संशय गेला पाखरांवर. सैबेरियातून हिवाळ्याला इकडे येणारे पक्षी आपल्या अंगावरच्या गोचिडांबरोबर हा विषाणू आणत असतील काय? ते शोधण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला, आणि सालीम अली व त्यांच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांना सोडून दिले. पाखरांवरचा आरोप सिद्ध झाला नाही. पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी मात्र आपल्याला जे ज्ञान झाले, त्यातला मोठा वाटा या गोचिडाच्या चौकशीचा आहे. इकडे पुण्याची माणसे सागर गावी ठाण मांडून, पांढरे फ्लॅनेल पालापाचोळ्यावरून ओढीत, त्याला चिकटलेले गोचीड मोजीत होती. खारी, उंदीर, पाखरे, माकडे, गुरे कोणाचेही अंग त्यांनी तपासायचे सोडले नाही. 1964 साली एका नव्या जातीला त्यांनी हीमाफायसॅलिस क्यासनुरेन्सिस असे नाव दिले. ज्या रानाचे नाव एका आजाराने जगभर केले, त्याचेच नाव एका गोचिडालाही लागले.

पण हा आजार 1957 सालीच का उफाळला? रान जुनेच होते, माकडेही जुनीच. याचे उत्तर होर्खे बोशेल यांनी 1969 साली मांडले, ते मला फार विचार करण्याजोगे वाटते. बोशेल मूळचे कोलंबियाचे. तिकडच्या अरण्यात लाकूडतोडे उंच झाड पाडतात, तेव्हा शेंड्यावरचे डास त्याबरोबर खाली येऊन त्यांना चावतात आणि त्यातून पीतज्वर होतो, हे त्यांनी पाहिले होते. मलनाडातही त्यांना तशीच गोष्ट दिसली. स्पिनिजेराच्या अळीचा वार उंदराकडे नाही तर पाखराकडे, पिल्लाचा माकडाकडे. तिसरा वार मोठ्या जनावराकडे, म्हणजे सांबराकडे नाही तर गव्याकडे. गवे-सांबरे रानात असून असणार किती? तेव्हा तिसऱ्या जेवणावाचून पुष्कळ गोचीड मरत आणि हिशेब जमत असे. मग माणसे वाढली, रानाच्या पोटात भाताची खाचरे आली, सुपारीच्या बागा आल्या. खाचरांमागून गुरे आली आणि ती रोज रानात चरायला जाऊ लागली. स्पिनिजेराला तिसऱ्या जेवणाचे हक्काचे घर मिळाले. गुराला हा आजार होत नाही, त्याच्या रक्तातून विषाणूही फारसा पुढे जात नाही. ते बिचारे नुसते अन्न घालते. पण एकाच जातीच्या पानात इतके वाढले गेल्यावर दुसरे काय होणार?

दोष आपण दिला तो माकडाला. कानडीत या आजाराला 'मंगन कायिले' म्हणतात, आपण 'माकडताप' म्हणतो, अर्थ एकच. वास्तविक या ताटातले सर्वांत मोठे दुःख माकडाच्याच वाट्याला येते. तापलेले माकड फांदीवरून खाली पडून मरते. अंग थंड पडले की त्याच्यावरची पिल्ले उतरतात आणि आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. त्या जागेवरून जो जाईल, त्याच्या पायाला ती लागतात.

तिथून जाणार कोण? पिल्लांचा हंगाम जानेवारी ते मे. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. तेच दिवस लाकूडफाट्याचे आणि भाजावळीसाठी पातेरा गोळा करण्याचे. आमच्याकडे एक मावशी वर्षानुवर्षे काजू वेचायला येतात. माणसे आजारी पडू लागली त्या वर्षी मी त्यांना म्हटले, "मावशी, यंदा नका येऊ. थोडे काजू पडून राहिले तर राहू देत."

त्या हसल्या. "भाऊंनू, भियान पोट भरता काय?"

यावर मला उत्तर सुचले नाही. पुढच्याच हंगामात मावशी तापाने पडल्या. डोके फुटेल असे दुखत होते आणि अंग कोणी कांडून काढावे तसे. बारा दिवस त्या इस्पितळात होत्या. या तापात शंभरात तीन ते पाच माणसे जातात. मावशी त्यांत नव्हत्या, हे आमचे भाग्य. पुढच्या वर्षी त्या पुन्हा आल्या, तेव्हा हातापायांना डेपा तेल चोळून आणि पायांवर जुन्या पोत्याच्या पट्ट्या गुंडाळून. संध्याकाळी घरी गेल्याबरोबर कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे आणि आंघोळ करायची, हा त्यांचा नेम मी पाहतो. मेलेले माकड दिसले, की त्याच्या वाऱ्यालाही न जाता आधी आरोग्यखात्याला कळवायचे, हे आता पोरांनाही ठाऊक झाले आहे. जुन्या लशीचा उपयोग पुरेसा होईना म्हणून 2022 साली ती बंद झाली. म्हणजे तूर्त आपल्या हाती आहे ते तेल, उकळते पाणी आणि सावधपणा.

हा आजार आता क्यासनूरपुरता राहिलेला नाही. 2012 साली तो बंदीपूरला दिसला, पुढे वायनाडला, 2015 साली गोव्यातल्या सत्तरीत आणि मग आमच्या दारी. सह्याद्रीच्या कण्यावरून तो वर सरकतो आहे. कोणी म्हणतात, रानातली माकडे मारा. कोणी म्हणतात, सगळे रानच औषधाने धुऊन काढा. मला वाटते, हे पाहुण्यावर रागावून पंगत मोडण्यासारखे आहे. रानात पूर्वी शंभर घरे होती आणि प्रत्येकाचा वार ठरलेला होता. आपण त्यांतली बरीच घरे मोडली आणि आपला एकच मोठा वाडा त्याच्या दाराशी आणून बांधला. मग उपाशी पाहुणे कोठे जातील? गव्याचे घर गव्याकडे राहिले, खवल्या मांजराचे त्याच्याकडे राहिले आणि आपली गुरे रानाच्या पोटात न जाता गोठ्याजवळ चरली, तर स्पिनिजेरा संपणार नाही, पण चारचौघांतला एक होऊन राहील. इतर 900 जाती तशाच राहतात, आणि आपल्याला त्यांची नावेसुद्धा ठाऊक नसतात.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा वसुबारस आली असेल. सवत्स धेनूला ओवाळताना तिच्या कानामागे, आचळाशी बोट फिरवून पाहावे. पावसाळ्यात तिच्या अंगावर तिसरे जेवण घेऊन उतरलेल्या माद्यांची अंडी एव्हाना फुटली असतील आणि रानाच्या पाचोळ्यात खसखशीएवढे सहा पायांचे जीव आपल्या पहिल्या वाराची वाट पाहत बसले असतील. कीर्तनकारबुवांच्या दृष्टांतातला गोचीड दूध सोडून रक्त पितो, ही त्याची जातच आहे. सडापर्यंत त्याची वाट सोपी कोणी केली, एवढे मात्र बुवांनी एकदा सांगावे.